काचेच्या टाकीतले मासे का मरतात? पाणी बदलण्याचा साधा हिशोब

आमच्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांच्या दुकानात, पेढीवर किंवा घरातल्या बैठकीत माशांची काचेची टाकी असते. गिऱ्हाइकाबरोबर आलेली लेकरे टाकीपाशी रमतात, तोवर आईबापांना कापड निवांत पाहता येते. दिवसभराच्या कटकटीनंतर दोन घटका त्या माशांकडे पाहिले की आपल्यालाही बरे वाटते. पण बहुतेक ठिकाणी शेवट एकच होतो. महिना-दोन महिन्यांत मासे मरतात. नवे आणले जातात, तेही मरतात. मग टाकी माळ्यावर जाते आणि तिच्यात जुनी पावती-पुस्तके भरली जातात. "मासे आमच्याकडे टिकतच नाहीत" असे म्हणून माणूस मोकळा होतो.

आमचाही हाच समज होता. तो कसा मोडला आणि त्यातून काय शिकलो, ते वाचक बंधूंच्या माहितीसाठी येथे देत आहोत. आम्ही धंद्याने कापडवाले, माशांचे डॉक्टर नाही. पण पंधरा वर्षांहून अधिक काळ टाकी सांभाळली आहे आणि चूक करून शिकलो आहोत.

ईदच्या आधीची सफाई

गोष्ट २००९ सालची. भिवंडीत आमच्या गाळ्यावर २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी टाकी होती. तिच्यात सहा गोल्डफिश होते. रमजान ईद दोन दिवसांवर आली होती. दुकान झाडून-पुसून, रंगसफेदी करून तयार झाले. टाकीचे पाणी मात्र पिवळट पडले होते आणि काचेवर हिरवा थर चढला होता. टाक्या साफ करणारा एक मुलगा बाजारात फिरत असे, त्याला बोलावले. त्याने मासे बादलीत काढले, सगळे पाणी गटारात सोडले. खडे साबणाच्या पाण्याने घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे आत सोडले. टाकी आरशासारखी चमकू लागली. आम्ही खूश होऊन त्याला ठरल्यापेक्षा वीस रुपये जास्त दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडले तर चार मासे उलटे तरंगत होते. पाचवा वर येऊन तोंड उघडझाप करीत होता, तो दुपारपर्यंत गेला. एकच उरला. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणाली, "अब्बा, कालच तर त्यांना नवं पाणी दिलं होतं ना?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. घाणेरड्या पाण्यात सहा महिने जगलेले मासे स्वच्छ पाण्यात एका रात्रीत कसे मेले?

उत्तर मिळाले ते एका ब्लीचिंगवाल्या उस्तादांकडून. कपड्याच्या हिशोबासाठी ते पेढीवर आले होते. त्यांनी नळाच्या पाण्याची बादली नाकाशी नेली आणि म्हणाले, "भाई, या पाण्याला क्लोरीनचा वास येतोय. आम्ही ब्लीच केलेल्या कापडाला हायपो मारल्याशिवाय पुढे रंगाला सोडत नाही. कापडाची एवढी काळजी, आणि जिवंत माशाला तसंच सोडलंत?" त्यांचे बोलणे मनाला लागले. पुढे वाचत, विचारत गेलो तेव्हा कळले की क्लोरीन हे एकच कारण नव्हते. त्या सफाईत आम्ही एका वेळी तीन चुका केल्या होत्या.

पाण्यात काय चालते?

मासा पाण्यात खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. हे माशाला सरळ सरळ विष आहे. नदीत ते वाहून जाते. टाकीत कोठे जाणार?

येथे डोळ्यांना न दिसणारे कारीगर कामाला येतात. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर काही जिवाणू वस्ती करतात. त्यांच्यापैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, त्यामुळे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले तपकिरी पडतात. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. ते साठत जाते आणि ते बाहेर काढायचा घरगुती उपाय एकच, पाणी बदलणे.

म्हणजे टाकीत दोन कामे चालतात. मोठे विष मारण्याचे काम जिवाणू करतात आणि उरलेला साठा बाहेर काढण्याचे काम मालकाने करायचे असते. आमच्या सफाईवाल्याने स्पंज नळाखाली पिळला आणि खडे साबणाने धुतले, तेव्हा त्याने अख्खा कारखानाच बंद पाडला. ही पहिली चूक. क्लोरीनचे पाणी सरळ ओतले, ही दुसरी. साबणाचा अंश खड्यांत राहिला असेल तर त्यानेही भर घातली असणार, कारण साबण माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही.

तिसरी चूक सर्वात छुपी होती. पीएच हा शब्द रंगाईच्या धंद्यातल्या बांधवांना नवा नाही. जुन्या, न बदललेल्या पाण्याचा पीएच हळूहळू खाली येतो, पाणी आम्ल होते. अशा पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग कमी घातक रूपात राहतो. पीएच ७ चा ८ झाला की घातक अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. मासे सहा महिन्यांत जुन्या पाण्याला सरावलेले असतात. त्यांना एका तासात पूर्ण वेगळ्या पाण्यात टाकले की पीएच, क्षार, उष्णता सारे एकदम बदलते. वर फिल्टर मेलेला, म्हणून नवा अमोनिया मारायला कोणी नाही, आणि पीएच चढलेला, म्हणून तोच अमोनिया जास्त जहाल. सहापैकी एक वाचला, हेच नवल.

बादलीचा हिशोब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. आधी टाकीत पाणी किती मावते ते काढावे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १००० ने भागावे. आलेला आकडा म्हणजे लिटर. फुटांत मोजले तर एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. आमची टाकी अडीच घनफूट, म्हणजे ७० लिटरची. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी ६० लिटर. १५ लिटरची एक बादली म्हणजे बरोबर चौथा हिस्सा.

समजा आठवड्याला नायट्रेटचे १० भाग जमा होतात. वर्षभर पाणी बदललेच नाही तर ५२ आठवड्यांत ५२० भाग जमतील. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलला तर साठा वाढत वाढत ४० वर येऊन थांबतो. ४० चा चौथा हिस्सा १०, तेवढाच आठवड्यात जमा होतो आणि तेवढाच बाहेर जातो. जमा-खर्च बरोबर. कंटाळा करून दहावा हिस्साच बदलला तर हाच साठा १०० वर जाऊन थांबेल. यावरून दिसेल की थोडे पण नेमाने बदललेले पाणी खाते बरोबर ठेवते. वर्षातून एकदा सगळे पाणी बदलणे म्हणजे वर्षभर उधारी वाढवून एका दिवसात दुकान लिलावात काढण्यासारखे आहे.

मासे किती ठेवावेत, हाही याच हिशोबाचा भाग आहे. गोल्डफिश दिसतो लहान, पण वाढतो मोठा आणि घाण पुष्कळ करतो. ६० लिटरच्या टाकीत सहा ठेवणे ही आमची मुळातली चूक होती. त्यानंतर आम्ही दोनच्या वर गेलो नाही. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत तर त्या मुक्या जिवाला हाल करून मारण्याचीच आहे. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो.

हायपो : कापडाचा आणि माशाचा

पाणीपुरवठ्याच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणसाला ते हितकारक, पण माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना मारक. यावर दोन उपाय आहेत. पहिला बिनखर्ची : पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, शक्य तर हवेचा पंप सोडावा. साधा क्लोरीन उडून जातो. मात्र काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असे उडत नाही.

दुसरा उपाय उस्तादांनी सांगितलेला, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ब्लीचिंगमध्ये कापडातला उरलेला क्लोरीन मारायला हेच वापरतात. माशांच्या दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून छोट्या बाटलीत मिळते तेही बहुधा हेच असते. १० ग्रॅम हायपोचे स्फटिक पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावे. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १५ लिटरच्या बादलीला या द्रावणाचे १ मिलिलिटर, म्हणजे सुमारे वीस थेंब पुरतात. पाण्याला उग्र वास येत असेल, किंवा टँकरचे ताजे औषध मारलेले पाणी असेल, तर दुप्पट घ्यावे. ढवळून पाच मिनिटे थांबावे.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण क्षार जास्त असतात. गप्पी, मॉली यांना असे जड पाणी मानवते. मुख्य गोष्ट ही की आज नळाचे, उद्या बोअरचे असे करू नये. पिण्याच्या आर. ओ. मशीनचे पाणी शुद्ध म्हणून एकटेच वापरू नये, कारण त्यातले जरुरीचे क्षारही निघून गेलेले असतात.

आमची शुक्रवारची पद्धत

आमचा सुट्टीचा दिवस शुक्रवार. गुरुवारी रात्री बादली भरून टाकीशेजारी ठेवतो, म्हणजे सकाळपर्यंत दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी होते. थंडीच्या दिवसांत हे विशेष जपावे. सकाळी फिल्टर आणि इतर विजेची उपकरणे बंद करतो. काच स्पंजने पुसतो. रबरी नळी पाण्याने भरून एक टोक टाकीत आणि दुसरे खालच्या रिकाम्या बादलीत सोडतो. टाकीतले टोक खड्यांत फिरवले की तळाची घाण ओढली जाते. एक बादली भरली की थांबतो.

फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदाच धुतो आणि तोही टाकीतून काढलेल्या याच पाण्यात, हलक्या हाताने. तो पांढरा होण्याची गरज नाही, त्यातून पाणी जाऊ लागले की पुरे. मग हायपो घातलेले नवे पाणी हळूहळू ओततो. उपकरणे पुन्हा चालू करतो. सगळे मिळून वीस मिनिटे. निघालेले पाणी फेकत नाही, कुंड्यांना घालतो. नायट्रेट हे झाडांचे खतच आहे. पाण्यात औषध किंवा मीठ घातले असेल तेव्हा मात्र ते झाडांना देऊ नये.

खाणे दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. दुकानात येणारी मुले बिस्किटाचे तुकडे टाकतात. आम्ही टाकीवर झाकण बसवले आणि "कृपया मासे उपाशी नाहीत" अशी पाटी लावली. त्या पाटीने आमच्या पाण्याचे अर्धे काम केले.

नवी टाकी असेल तर जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात एक-दोनच मासे ठेवावेत, खाणे कमी द्यावे आणि पाणी लवकर लवकर बदलावे. ओळखीच्या माणसाच्या चांगल्या टाकीतला जुना स्पंज मिळाला तर फारच उत्तम. दह्याला विरजण लागते, तसे ते विरजण समजावे.

रोग आला तर

बहुतेक रोगांचे मूळ पाण्यात असते, म्हणून औषधाच्या बाटलीआधी पाण्याकडे पाहावे. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, पर मिटून कोपऱ्यात बसले, तर प्रथम हायपो घातलेले, सारख्या उष्णतेचे पाव हिस्सा पाणी बदलावे आणि हवा वाढवावी. थेंब टाकून अमोनिया, नायट्राइट तपासण्याचे संच आता मिळतात. एक घरी असावा.

अंगावर मिठाचे दाणे पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो 'इक' नावाचा परजीवी. एकदम थंड पाणी ओतल्यावर किंवा नवा मासा आणल्यावर तो बहुधा येतो. ठिपक्यात असताना त्यावर औषध चालत नाही. तो पिकून तळाला पडतो आणि त्याची पिल्ले पाण्यात पोहू लागतात, तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवू नये, दहा-बारा दिवस उपचार चालू ठेवावा. तळाची घाण नळीने काढत राहिले तर त्याची पुष्कळशी पैदास बाहेर जाते.

येथेही कापडवाल्याला ओळखीची नावे भेटतात. मिथिलीन ब्ल्यू आणि मॅलाकाइट ग्रीन ही माशांची औषधे मुळात रंग आहेत. मिथिलीन ब्ल्यू १८७६ साली जर्मनीत कापडाच्या रंगासाठी तयार झाला आणि १८९१ साली हिवतापाच्या रोग्यांवर त्याचा वापर करून पाहिला गेला. मॅलाकाइट ग्रीन हा रेशीम, चामडे आणि कागद रंगवण्याचा रंग. पण आपल्या गोदामातला रंग टाकीत टाकण्याचे धाडस कोणी करू नये. कापडाच्या रंगात काय काय भेसळ असते ते आपल्याला ठाऊक आहेच. माशांसाठी बनवलेलेच औषध, बाटलीवर लिहिलेल्या मापाने घ्यावे. मॅलाकाइट ग्रीन हाताला लागू देऊ नये. तो विषारी असल्याने खाण्याच्या माशांसाठी त्याला अनेक देशांत बंदी आहे. मिथिलीन ब्ल्यू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतो, म्हणून आजारी मासा वेगळ्या टबात ठेवून उपचार करणे चांगले.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये मासे मिळतात. त्यातले पुष्कळसे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि कोलकात्याकडून लांबचा प्रवास करून आलेले असतात. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, टाकीचे पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे, मग मासा जाळीने आत सोडावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. जमल्यास नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

तरुणांसाठी एक धंदा

शेवटी आमच्या होतकरू तरुणांसाठी एक सूचना. दुकाने, दवाखाने, हॉटेले येथल्या टाक्या सांभाळणारे जाणकार हात कमी आहेत. भांडवल म्हणजे दोन बादल्या, एक नळी, तपासणीचा संच आणि हायपोची बाटली. महिन्यातून एकदा टाकी धुऊन मासे मारणाऱ्यापेक्षा, दर आठवड्याला येऊन एक बादली पाणी बदलणारा मुलगा गिऱ्हाईक कायमचे बांधून ठेवील. काच कापणारे आणि सिलिकॉनने टाक्या जोडणारे आपले कारीगर आहेत. त्यांनी टाकी विकताना ही चार वाक्ये गिऱ्हाइकाला सांगितली, तरी दुसऱ्या टाकीची मागणी येईल. मेलेले मासे पाहून कोणी दुसरी टाकी घेत नाही.

आणि टाकी असलेल्या मालकांनी साफ करायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. पाणी किती काढणार? स्पंज कशात धुणार? क्लोरीनचे काय करणार? "सगळे काढणार, नळाखाली धुणार, काही होत नाही" असे उत्तर आले तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

२००९ च्या त्या ईदला वाचलेला एकटा गोल्डफिश आमच्या गाळ्यावर २०१९ पर्यंत, दहा वर्षे जगला. बोटभर आणला होता, वीतभर झाला. जुनी गिऱ्हाइके दुकानात आली की आधी त्याची खुशाली विचारत. मुलगी पुढे शाळा-कॉलेजात गेली, तरी शुक्रवारची बादली तिनेच बदलली. तिच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला उशिरा दिले : बेटा, पाणी नवे होते म्हणूनच ते मेले. त्यांना सगळे नवे पाणी नको होते, दर आठवड्याला थोडे हवे होते.